खोट्या बीटल्सची खरी गाणी

२४ एप्रिल १९७६. अमेरिकेच्या एनबीसी चॅनलवर ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा विनोदी कार्यक्रम चालू होता. अचानक कार्यक्रमाचा निर्माता लॉर्न मायकल्स स्वतःच कॅमेऱ्यासमोर येऊन बसला. हातात चेक! सहा वर्षांपूर्वी फुटलेल्या बीटल्सना त्याने जाहीर आमंत्रणच देऊन टाकलं: आमच्याकडे या, तीन गाणी म्हणा आणि हे ३,००० डॉलर घेऊन जा. वाटणी कशी करायची ते तुमचं तुम्ही बघा. रिंगोला कमी दिलेत तरी आमची हरकत नाही!

त्या काळात या चौघांनी पुन्हा एकत्र यावं म्हणून बडे आयोजक कोट्यवधी डॉलर मोजायला तयार होते. त्यांच्यापुढे ३,००० डॉलर म्हणजे शुद्ध चेष्टा. पण खरी मजा पुढेच आहे. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी त्या रात्री न्यूयॉर्कमध्ये लेननच्या घरी हाच कार्यक्रम बघत बसले होते. टॅक्सी करून स्टुडिओत जाऊन थडकावं असं मनात आलंही होतं, पण फार दमलो होतो म्हणून राहिलं, असं लेननने पुढे सांगितलं.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मात्र या कार्यक्रमात चौघं अवतरले. तसेच कपाळावर आलेले केस, तसेच सूट, तशीच धावपळ. गाणंही थेट १९६४ सालचं वाटावं असं. फक्त ते बीटल्स नव्हते. ते होते रटल्स!

ही करामत दोघा इंग्रजांची. एक एरिक आयडल, ‘मॉण्टी पायथन’ या गाजलेल्या विनोदी कंपूतला. दुसरा नील इनेस, संगीतकार. आयडल तेव्हा बीबीसी-२ साठी ‘रटलंड वीकएण्ड टेलिव्हिजन’ नावाची मालिका करत होता. रटलंड म्हणजे इंग्लंडचा सगळ्यात चिमुकला परगणा. १९७४ साली सरकारने तो शेजारच्या लेस्टरशरमध्ये विलीनही करून टाकला होता (१९९७ मध्ये त्याला वेगळं अस्तित्व परत मिळालं). अशा इवल्याशा परगण्याचं स्वतःचं दरिद्री टीव्ही केंद्र असतं तर, ही मालिकेची कल्पना. रटलंडचे बीटल्स ते रटल्स!

इनेसला बीटल्स काही ऐकून माहीत नव्हते. कला महाविद्यालयातल्या पोरांनी काढलेल्या ‘बॉन्झो डॉग डू-दा बॅण्ड’ या चक्रम बॅण्डमध्ये तो पियानो वाजवायचा, गाणी लिहायचा. १९६७ साली बीटल्सनी ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ या आपल्या टीव्ही चित्रपटात या बॅण्डला घेतलं. पुढच्या वर्षी बॉन्झोचं ‘आय अॅम द अर्बन स्पेसमन’ हे इनेसचं गाणं ब्रिटनच्या यादीत ५ व्या क्रमांकावर गेलं. निर्माता म्हणून तबकडीवर नाव होतं अपोलो सी. व्हर्माउथ. हे महाशय म्हणजे खुद्द पॉल मॅकार्टनी, टोपणनावाने!

चहाची झिंग

‘सॅटर्डे नाइट’मधली ती छोटी फिल्म एवढी आवडली, की एनबीसीने अख्खा चित्रपटच करायला सांगितलं. ‘ऑल यू नीड इज कॅश’ असं त्याचं नाव. वरवर पाहता एका महान बॅण्डचा गंभीर माहितीपट, प्रत्यक्षात सुरुवातीपासून शेवटपर्यंत थापा. बीटल्सना बॉब डिलनने गांजाची ओळख करून दिली हे सर्वश्रुत आहे. रटल्सना तो चहाची चटक लावतो! मग वर्तमानपत्रांत खळबळ, चौकशी, जाबजबाब. आपल्या घराघरातलं आधण एवढं बदनाम कधीच झालं नसेल.

ऋषीकेशची आठवण आपल्या वाचकांना नक्की होईल. १९६८ साली बीटल्स तिथे महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहिले होते. त्याआधी, ऑगस्ट १९६७ मध्ये, ते महर्षींसोबत वेल्समधल्या बँगोर गावी असतानाच त्यांचा मॅनेजर ब्रायन एपस्टाइन वारल्याची बातमी आली. चित्रपटात महर्षींच्या जागी आहे आर्थर सुलतान नावाचा सरेचा योगी. बँगोरच्या जागी बॉग्नर हे गाव. आणि मॅनेजरबद्दल धक्कादायक बातमी काय येते, तर त्याने ऑस्ट्रेलियात शिक्षकाची नोकरी धरली! माणसाच्या मरणाची थट्टा कुठे थांबवायची, याचं भान या टवाळांना होतं.

जॉर्ज हॅरिसन तर या कटात सामीलच होता. बीटल्सवरचा तेव्हा अप्रकाशित असलेला माहितीपट त्याने आयडल आणि इनेसला दाखवला. शिवाय पांढरे केस लावून पत्रकाराची छोटी भूमिकाही केली. बॅण्डच्या कंपनीत चोऱ्या होतात का, असं तो विचारत असतो. मागून लोक सामान पळवत असतात आणि शेवटी त्याच्या हातातला माइकही जातो. बीटल्सच्या ‘अॅपल’ कंपनीची झालेली लूट ज्याने स्वतः सोसली, त्यानेच हा प्रसंग करावा!

आता गाण्यांविषयी. विडंबन म्हटलं की आपल्याला आचार्य अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ आठवतात. गाण्यांच्या बाबतीत आपला खाक्या ठरलेला: चाल जशीच्या तशी, शब्द टिंगलीचे. इनेसने वेगळीच वाट धरली. बीटल्सच्या तबकड्या पुन्हा ऐकायच्याच नाहीत, डोक्यात जे मुरलं आहे त्यावर रचायचं, असं त्याने ठरवलं. एखाद्या घराण्याची गायकी अंगात भिनलेला गवई त्याच ढंगात नवी बंदिश बांधतो, तसंच काहीसं. म्हणून ‘हेल्प!’ची आठवण देणारं ‘आउच!’ हसवतं आणि दुसऱ्यांदा ऐकताना आवडायलाही लागतं.

वाजवणारेही कच्चे नव्हते. ड्रमवर जॉन हॅल्सी, गिटारवर दक्षिण आफ्रिकेतून आलेला रिकी फटार. तो काही काळ ‘बीच बॉइज’मध्ये होता. पडद्यावर मॅकार्टनीसारखा गोड हसतो तो आयडल, पण गळा त्याचा नाही. तो ऑली हॅल्सॉलचा. या गुणी गिटारवाल्याच्या वाट्याला चित्रपटात जेमतेम दर्शन आलं. चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा, हे आपल्या सिनेमावेड्या देशाला काय नवीन!

२२ मार्च १९७८ ला चित्रपट अमेरिकेत दाखवला गेला आणि त्या आठवड्यात प्रेक्षकसंख्येच्या यादीत अगदी तळाला गेला. पाच दिवसांनी बीबीसी-२ वर मात्र त्याचं छान स्वागत झालं. तबकडी ब्रिटनमध्ये १२ व्या क्रमांकापर्यंत चढली, ग्रॅमीचं नामांकनही मिळालं.

अर्धी कमाई गेली

लेननला हा प्रकार फार आवडला. त्याने इनेसला सावधही केलं होतं, की ‘गेट अप अॅण्ड गो’ हे गाणं ‘गेट बॅक’च्या फारच जवळ जातं, जपून. ते गाणं तबकडीतून वगळलं गेलं. तरी व्हायचं ते झालंच. बीटल्सच्या गाण्यांचे हक्क बीटल्सकडे नव्हतेच, ते एटीव्ही म्युझिक या कंपनीच्या ताब्यात होते. तिने दावा ठोकला. ज्यांची नक्कल केली ते हसत होते आणि कागदपत्रांचे मालक वकील धाडत होते!

प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. तबकडीवरच्या १४ गाण्यांची निम्मी रॉयल्टी इनेसला सोडावी लागली आणि पुढे श्रेयनामावलीत त्याच्या नावाशेजारी लेनन आणि मॅकार्टनी ही नावं लागली. ज्या गाण्यांचा एक शब्दही त्या दोघांनी लिहिला नव्हता, ती गाणी! विडंबनाला कॉपीराइटमधून सूट देणारा नियम ब्रिटनमध्ये आला तो थेट ऑक्टोबर २०१४ मध्ये. इनेसला त्याचा काय उपयोग?

नक्कल साधली होती मात्र पुरेपूर. बीटल्सच्या अप्रकाशित गाण्यांची म्हणून एक चोरटी तबकडी बाजारात आली. नाव ‘इंडियन रोप ट्रिक’. तिच्यात लेननचं दुर्मीळ गाणं म्हणून काय घातलं होतं? इनेसचं ‘चीज अॅण्ड अनियन्स’!

१९९५-९६ मध्ये बीटल्सनी ‘अँथॉलॉजी’ नावाने जुना खजिना उघडला, तेव्हा रटल्सनीही ‘आर्किऑलॉजी’ ही सीडी काढली. आयडल त्यात नव्हता. हॅल्सॉल १९९२ मध्येच गेला होता, पण त्याची काही जुनी ध्वनिमुद्रणं वापरली गेली. पुढे हॅल्सीला बरोबर घेऊन इनेस रटल्सच्या नावाने दौरे करत राहिला.

चोरीचा ठपका सोसलेल्या या माणसाची चाल दुसऱ्या कुणाच्या गाण्यात सापडावी, हेही घडलं. १९९४ सालच्या ‘ओएसिस’ बॅण्डच्या ‘व्हॉटएव्हर’मध्ये त्याच्या १९७३ च्या ‘हाऊ स्वीट टु बी अॅन इडियट’ची चाल डोकावत होती. या खेपेला श्रेयात नाव लागलं ते इनेसचं.

२९ डिसेंबर २०१९ ला, वयाच्या ७५ व्या वर्षी, फ्रान्समध्ये त्याचं निधन झालं. ते ‘इडियट’चं गाणं तो रंगमंचावर म्हणायचा, तेव्हा डोक्यावर एक खेळण्यातलं बदक बसवलेलं असायचं.