म्हैसमाळच्या चढावर गाडीचा दम का जातो?

दौलताबादचा घाट कसाबसा चढलेल्या जुन्या गाड्या खुलताबादच्या पुढे, म्हैसमाळच्या वाटेवर, बॉनेट उघडून कडेला उभ्या दिसतात. छत्रपती संभाजीनगर शहरात परतल्यावर त्यांच्या मालकांना बहुधा एकच निदान ऐकायला मिळतं : ‘इंजिनाचं काम निघालंय.’ माझ्या १९९६ च्या मारुती ८०० बद्दलही हेच सांगितलं गेलं. बोअर-पिस्टनचा खर्चसुद्धा कागदावर मांडून झाला होता. दोष निघाला पेट्रोलच्या फिल्टरमध्ये. टाकीतला गंज साचून त्या प्लास्टिकच्या डबीच्या तळाला चहाच्या चोथ्यासारखा थर बसला होता.

‘सपाटीला पळते, म्हणजे पेट्रोलची लाइन ठीक आहे’ हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. हिशेब मांडून बघा. चार माणसं बसली की मारुती ८०० साधारण ९०० किलो भरते. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाला तिला ३ अश्वशक्ती पुरते. बारा फुटांमागे एक फूट असा चढ लागला, की त्याच वेगाला जवळजवळ १४ लागते. त्यामुळे पेट्रोलही कितीतरी जास्त हवं. अर्धवट तुंबलेला फिल्टर सपाटीची गरज भागवतो, चढाची भागवू शकत नाही.

याची खूण अगदी स्पष्ट असते. गाडी चढाला सुरुवातीला छान ओढते, मग हळूहळू दम कोंडतो, गचके बसतात. दोन मिनिटं थांबलं की कार्बोरेटरमधली वाटी पुन्हा भरते आणि गाडी आणखी दोन-तीनशे मीटर जाते. दमलेलं इंजिन असं विश्रांती घेऊन बरं होत नाही. त्याची ताकद चढाच्या पहिल्या मीटरपासूनच कमी असते.

मे महिन्यात हीच लक्षणं दुसऱ्या कारणानेही दिसतात. दौलताबादच्या दिल्ली दरवाज्यापाशी वाहतूक तुंबते, इंजिन तापतं आणि लगेच पुढे घाट लागतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल पंप इंजिनलाच जोडलेला असतो. तिथल्या उष्णतेने पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. पंपावर ओलं फडकं टाकून गाडी सुरळीत चालली, तर दोष वाफेचा. हिवाळ्यातल्या थंड सकाळीही तोच त्रास होत असेल, तर फिल्टर, टाकी आणि पंप बघा.

‘उंचीवर हवा विरळ असते, म्हणून ओढत नाही’ असंही ठामपणे सांगितलं जातं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटरवर आहे, म्हैसमाळ १०६७ मीटरवर. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १०० मीटरला अंदाजे १ टक्का घटते. म्हणजे म्हैसमाळला फार तर ५ टक्के. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, समुद्रसपाटीच्या मानाने जवळपास तिसरा हिस्सा जातो, तिथे हे कारण खरं. आपल्याकडे गाडी पहिल्या गिअरवर येत असेल, तर हवेला दोष देऊ नका.

गाडी ओढत नाही म्हणजे दोष इंजिनातच, हेही खरं नाही. इंजिनाचा आवाज चढतोय, वेग मात्र वाढत नाही आणि जळका वास येतोय? क्लच घसरतोय. सपाट रस्त्यावर थोडं चालवून उतरा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या. एखादं चाक इतरांपेक्षा खूप तापलं असेल, तर तिथला ब्रेक धरून राहिलाय. याला कुठलंच यंत्र लागत नाही. चढावर मिसिंग जाणवत असेल, तर अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. प्लगच्या वायरी कुठे फुटल्या असतील, तर निळसर ठिणग्या दिसतात.

डिझेल जीपवाल्यांना हमखास मिळणारा सल्ला : ‘पंप वाढवून घ्या.’ चढावर काळा धूर येतो तो डिझेल जास्त आणि हवा कमी पडते म्हणून. त्यात डिझेल आणखी वाढवलं की धूर आणि इंजिनाची उष्णता दोन्ही वाढतात. आधी एअर फिल्टर बदला, टर्बो असेल तर त्याचा होज फाटलाय का बघा. आणि कागदी फिल्टर कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने साफ करणं बंद करा. कागद फाटतो, धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि मग इंजिनाचं काम खरोखरच निघतं.

इंजिन काही वेळा खरंच थकलेलं असतं, पण ते अंदाजाने ठरवायचं नसतं, मोजायचं असतं. पेट्रोल गाडीत सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतात. एखाद्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. चढला नाही तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर. नुसतं व्हॉल्व्हचं काम असेल, तर बोअर करण्याची गरज नाही.

इंजिन उघडायला होकार देण्याआधी हे आकडे कागदावर लिहून मागा. गॅरेज देत नसेल, तर गाडी दुसरीकडे न्या.