पावलांचे माप

कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसासाठी पादत्राण करावयाचे असेल, तर कागद आणि पेन्सिल हाती घेण्यापूर्वी त्याचे पाऊल स्वतःच्या मांडीवर घ्यावे लागते. हा नियम ज्यांनी मला सांगितला, त्यांना पेण आणि रोहे या दोन्ही तालुक्यांतील रुग्ण ‘मिस्त्री’ एवढ्याच नावाने ओळखतात. ते स्वतः याच रोगातून उठलेले असून त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे आजही तळव्याकडे वळलेली आहेत. ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने ऐन तारुण्यात मिशनच्या एका रुग्णालयात उपचार घेतले, तेथेच ही कला आत्मसात केली, आणि आता पिशवीत हत्यारे घालून दिवा-रोहा गाडीने पेण, नागोठणे, रोहे असा त्यांचा संचार चालू असतो.

रोह्यात एका शिबिराच्या पडवीत मी त्यांचे काम पाहिले. समोर बसलेल्या माणसाने संकोचाने पाय मागे घेतला, तेव्हा मिस्त्रींनी काही न बोलता तो पुढे ओढला, घमेल्यातील पाण्यात बराच वेळ भिजू दिला, टाचेची राठ कातडी दगडाने हलक्या हाताने घासली, खोबरेल तेल चोळले, आणि मग उजव्या हाताच्या मागच्या बाजूने ते तळवा इंच इंच तपासू लागले. तळव्याचा जो भाग शेजारच्या भागापेक्षा उष्ण लागतो, त्याच्या आत घाव शिजत असण्याचा संभव असतो. कातडी अद्याप अखंड असते, वेदना मुळीच नसते, आणि म्हणूनच तो भाग सर्वांत धोक्याचा. डाव्या हाताला ही ऊब समजत नसल्यामुळे ते तपासणीसाठी उजवा हातच वापरतात.

या रोगाचे जंतू नॉर्वेच्या हॅन्सनने 1873 साली शोधून काढले. ते शरीराच्या थंड भागांतील मज्जातंतूंत ठाण मांडतात. 1980 नंतर प्रचारात आलेल्या बहुविध औषधोपचाराने ते निश्चितपणे नष्ट होतात, परंतु पूर्वी मेलेली संवेदना औषधाने परत येत नाही. पेणच्या खारेपाटात गुडघाभर चिखलात भातलावणी करणाऱ्या, किंवा मिठागरात दिवसभर खाऱ्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसाला काटा रुतला, शिंपल्याच्या धारेने पाय चिरला, तरी त्याला ते कळत नाही. तो त्याच पायावर संध्याकाळपर्यंत राबतो. पावलाची दुर्दशा होते ती अशी. रोग मांस कुजवितो, बोटे झडवितो, ही समजूत शतकानुशतके वैद्यांचीही होती. तिला जोराचा धक्का दिला तो डॉ. पॉल ब्रँड यांनी. तामिळ प्रदेशातील कोल्ली डोंगरांत 1914 साली मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले हे शल्यविशारद 1946 साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले, आणि वेदनेचा अभाव हाच विकृतीचा खरा कर्ता आहे, हे त्यांनी धीराने सिद्ध केले. रात्रीतून रुग्णांची बोटे नाहीशी कशी होतात, याचा छडा पहारा ठेवून लावला, तेव्हा झोपलेल्या माणसांची बधिर बोटे उंदीर कुरतडतात असे आढळले, आणि रुग्णांना मांजरे पाळावयास देण्याची तजवीज करण्यात आली.

परंतु मला ब्रँड यांच्या चरित्रातील दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. स्नायुरज्जू एका जागेहून दुसरीकडे जोडून त्यांनी वाकलेली बोटे सरळ केली. आणि अशाच एका बऱ्या झालेल्या रुग्णाने परत येऊन तक्रार केली की, हे हात भीक मागण्याच्या उपयोगाचे राहिले नाहीत, आणि काम तर कोणी देतच नाही. शस्त्रक्रियेच्या यशाने ज्याचे जगणे अडले, त्या माणसाला उत्तर देणे भाग होते. त्या उत्तरातून वेल्लोरला नवजीवन केंद्र उभे राहिले, आणि तेथे रुग्ण सुतारकाम शिकू लागले. याच वेल्लोरमध्ये डॉ. मेरी व्हर्गीस या तरुण स्त्रीने 1954 च्या अपघातात कमरेखालचे बळ कायमचे गमावल्यावर चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या.

या पूर्वीचा काळ वेगळा होता, हे सांगणे न्यायाचे होईल. वेलस्ली बेली यांनी 1874 साली स्थापन केलेल्या कुष्ठरोग मिशनने हिंदुस्थानभर कुष्ठालये चालविली, आणि पेण-रोह्याच्या या आपल्या जिल्ह्यात पोलादपूर येथेही मिशनचे असे कुष्ठालय होते. ज्यांना घरादाराने टाकले, त्यांना तेथे अन्न, वस्त्र आणि मायेचा शब्द मिळाला. त्या सेवकांचे ऋण मोठे आहे. तरीही 1898 च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवण्याचा अधिकार सरकारी अंमलदारांना दिला होता, स्त्री-पुरुषांना वेगळे ठेवण्याची आणि निरोगी मुलांना आईबापांपासून दूर करण्याची रीत कुष्ठालयांतूनही होती, आणि करुणेच्या कुंपणालाही कुंपणच म्हणावे लागते. तो कायदा 2016 साली रद्द झाला. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने कुष्ठमुक्त व्यक्तीचे दिव्यांगांतील स्थान कायम ठेवले, आणि 2019 साली कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिले नाही.

मिस्त्री शिबिरात धर्माविषयी अवाक्षर काढीत नाहीत. मी विचारले तेव्हा म्हणाले, ‘येशूने कुष्ठरोग्याला आधी हात लावला, मग बरे केले. आधी बरे करून मग हात लावला असता, तर त्यात काय होते?’ मार्काच्या शुभवर्तमानातील हा क्रम त्यांनी आपल्या धंद्यात जसाच्या तसा पाळला आहे. शेवटल्या भोजनाच्या वेळी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, याचा मात्र त्यांनी उल्लेख केला नाही; समोर घमेले होते, त्यामुळे तो मलाच आठवला.

माप घेताना पेन्सिल अगदी उभी धरावी लागते, नाहीतर आकार फसतो. जखमेच्या जागी रंगाचा ठिपका लावून पाऊल कागदावर टेकवितात, म्हणजे तेवढ्या भागावरचा भार कोठे कमी करावयाचा ते कळते. वरचा थर सूक्ष्म हवेचे कप्पे असलेल्या मृदू रबराचा, ज्याला सर्वजण ‘एमसीआर’ म्हणतात. भाताचे शीत दाबून पाहावे तसे मिस्त्री ते अंगठ्याने दाबून पारखतात, आणि कडक निघाले तर बाजूला टाकतात. खालचा तळ मात्र टणक, काटा आत न शिरू देणारा. खिळा एकही नाही, कारण सुटलेला खिळा बधिर पायात घुसून राहील आणि मालकाला पत्ताही लागणार नाही. सर्व काम टाक्याचे आणि सोल्यूशनचे. वाकलेल्या बोटांना बक्कल लागत नाही, म्हणून पट्ट्याला वेल्क्रो, आणि टाच निसटू नये म्हणून मागे आणखी एक पट्टा.

इतके करूनही अनेकांनी हे जोडे घरात टांगून ठेवले, कारण त्यांची जाड काळी घडण गावात ओळखीची झाली होती, आणि पायात ते दिसताच लोक रोगाचे नाव घेत. म्हणून मिस्त्री आता पट्ट्याची घडण बाजारात मिळणाऱ्या सँडलीसारखी करतात. शिबिरात आलेल्या एका मावशींनी स्पष्टच बजावले, ‘दादा, काळा नको, सुनेच्या आहेत तसा तपकिरी दे.’ त्यांनी तपकिरी कातडे काढून दाखविले. मावशींना ते फिके वाटले, दुसरे काढले, ते पसंत पडले. मग पट्टा कोठे आवळतो, टाच कोठे घसरते, याच्या दोन तक्रारी झाल्या, आणि टाके उसवून पुन्हा घालण्यात आले. रबराचे पैसे ते घेत नाहीत, पण कातड्याचे घेतात आणि वहीत जमा मांडून पावती देतात. मावशींनी घासाघीस करून त्यातूनही काही कमी करविले.