नेतृत्व-कोचिंग आणि वरिष्ठ: गैरसमज व वस्तुस्थिती

नेतृत्व-कोचिंग, म्हणजे कर्मचाऱ्याने प्रशिक्षित मार्गदर्शकाशी ठरावीक काळ नियमित बोलून स्वतःची निर्णय घेण्याची व माणसे सांभाळण्याची पद्धत तपासून सुधारणे, हा केवळ दोघांमधला व्यवहार असून वरिष्ठाने त्यापासून दूर राहावे, असा समज रूढ आहे. त्यामागची गोपनीयतेची काळजी रास्त असली, तरी तिच्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

धाराशिव जिल्ह्यात ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा प्रभाग समन्वयक स्वयंसहाय्य गट व ग्रामसंघांमध्ये काम करतो आणि तालुका अभियान व्यवस्थापकाला उत्तरदायी असतो. अशा समन्वयकाला बैठकीतील वाद मिटवणे किंवा सहकाऱ्यांवर जबाबदारी सोपवणे शिकायचे असेल, तर मार्गदर्शकाशी कितीही मोकळी चर्चा झाली, तरी ते करून पाहण्याची संधी, वेळ आणि चुकण्याची मुभा मिळणे बऱ्याच अंशी व्यवस्थापकावरच अवलंबून असते. टिमोथी बाल्डविन आणि केविन फोर्ड यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या प्रारूपात, शिकलेले प्रत्यक्ष कामात उतरण्यासाठी आवश्यक असलेल्या घटकांमध्ये वरिष्ठांच्या पाठिंब्याला स्थान आहे, ते याच कारणाने.

म्हणून कोचिंगच्या सुरुवातीला व शेवटी त्रिपक्षीय बैठक, म्हणजे कर्मचारी, वरिष्ठ आणि मार्गदर्शक यांची एकत्र चर्चा, घेतली जाते. तिच्यात उद्दिष्टे ठरतात व बदल पाहिला जातो, मधल्या संवादातील मजकूर मात्र कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय बाहेर जात नाही.

वरिष्ठ आला की कोचिंगचे रूपांतर मूल्यमापनात होते, हा दुसरा समज सर्वस्वी खोटा नाही. कोचिंगमधील बोलण्याचा वापर गोपनीय अहवालासाठी होणार असेल, तर कोणीही मनातले सांगणार नाही. त्यामुळे काय सांगितले जाईल आणि काय नाही, हे पहिल्याच बैठकीत लेखी ठरले पाहिजे. तक्रार वरिष्ठाविरुद्धच असेल, तर ही पद्धत वापरूच नये, कारण तिथे तक्रार निवारणाची यंत्रणा लागते.

हे सारे मोठ्या कंपन्यांपुरते आहे, असे मानणाऱ्यांनी धाराशिव जिल्ह्याचाच इतिहास पाहावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला संवाद सहायक झाल्या आणि घरांच्या दुरुस्तीबाबत गावकरी व अभियंते यांच्यातील दुवा बनल्या. ते औपचारिक कोचिंग नव्हते, तरी अधिकार असलेली यंत्रणा समोर बसल्यानेच त्यांच्या बोलण्यातून निर्णय होऊ शकले. जिल्ह्यातील कार्यालयांनी पुढचे नेतृत्व-प्रशिक्षण आखताना वरिष्ठांसाठी किमान सुरुवातीच्या व शेवटच्या त्रिपक्षीय बैठकांची वेळ आधीच राखून ठेवावी.