होतो तसो होयो!

चतुर्थी जवळ आली की आपल्या कोकणात घरोघरी रंगाचे डबे उघडतात. भिंती झाल्या, दारं-खिडक्या झाल्या, की तळाशी उरलेला रंग समोर दिसेल त्यावर फासायचा. पाट, फळी, फडताळ... आणि जुना फोनोसुद्धा! हसू नका मैत्रिणींनो, तारकर्लीकडच्या एका घरी मी दोन बाजूंनी हिरवा झालेला फोनो पाहिलाय.

आमच्या बचत गटातल्या एकीच्या सासूबाईंचा तो. सासऱ्यांनी मुंबईहून बोटीनं आणलेला, टेबलावर ठेवायचा, झाकणाचा. नातवानं होम-स्टे सुरू केला आणि फोनो पर्यटकांसाठी हॉलमध्ये मांडायचं ठरवलं. मशीननं घासायचं आणि वर पी.यू.चा आरशासारखा थर द्यायचा, असा बेत. आजी आडव्या आल्या. "चकचकीत नको गो माका. होतो तसो होयो."

मला आजींचं पटलं, आणि ते केवळ मायेपोटी नाही. मुंबईच्या चोरबाजारात जुन्याच्या नावाखाली नव्यानं जुळवलेले, चकाकत्या कर्ण्याचे फोनो ढिगानं मिळतात. अस्सल जुनं कोणतं हे जाणकार लाकडावरच्या मूळ पॉलिशवरूनही ओळखतो. तेच घासून टाकलं तर आपला खरा फोनोही नकली दिसायचा. शिवाय बऱ्याच पेट्यांना वरून सुंदर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. मशीन लागलं की पापुद्रा गेलाच.

हे मूळ पॉलिश बहुतेक वेळा लाखेचं असतं. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर बारीक किडे लाख तयार करतात. ती शुद्ध करून केलेला चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि कापडाच्या बोळ्यानं पातळ पातळ हात द्यायचे, हेच आपलं फ्रेंच पॉलिश. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या खेळण्यांवरची झळाळी लाखेचीच, पण तिथे तऱ्हा वेगळी. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात आणि घर्षणाच्या उष्णतेनं ती लाकडावर चढते. गंमत म्हणजे फोनोवर वाजणाऱ्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांतही लाखच! १९०२ साली कोलकात्यात गौहर जाननं गाणं दिलं, तेव्हापासून कितीतरी वर्षं आपलं संगीत लाखेवर उमटत राहिलं. म्हणूनच सांगते, तबकडी स्पिरिटनं कधीही पुसू नका, खराब होईल.

पण तबकडीचा वैरी तो पेटीचा मित्र. जी लाख स्पिरिटमध्ये विरघळली, ती पुन्हा स्पिरिटनंच सैल होते. आमच्या ओळखीच्या सुतारमामांनी पेटीच्या तळाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचं बोट टेकवलं. चिकट लागलं. "लाख हा!" म्हणाले. चिकट झालं नसतं तर पॉलिश दुसरं कुठलं तरी, मग पुढची रीतही वेगळी.

आधी आतलं यंत्र काढून ठेवलं. घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यानं धूळ आणि टर्पेंटाइनच्या बोळ्यानं तेलकट मळ काढला. हिरव्या रंगाला मात्र मामांनी पॉलिश पेपर लावू दिला नाही. हे नीट लक्षात ठेवा बायांनो. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं आणि कोरडं घासलं की त्याची धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांच्या वर नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासूनचा, म्हणजे त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. लाखेवर रंगाची पकड कच्ची होती, त्यामुळे जागा ओलसर ठेवून बोथट पट्टीनं हळूहळू पापुद्रे निघाले. ते ओल्या कागदात गोळा केले आणि नातवंडांना त्या दिवशी शेजारी पाठवलं.

खाली लाख तडकली होती, पण शाबूत होती. मऊ ब्रशनं स्पिरिटचा हलका हात फिरवला, तशी ती स्वतःच पसरून तडे बुजले. डोळ्यांदेखत! कुत्र्याच्या चित्राच्या छापापासून मात्र ब्रश बोटभर लांब ठेवला, नाहीतर तो छापही वाहून जातो. मग पाव लिटर स्पिरिटला ५० ग्रॅम चपडा, असं ताजं पॉलिश करून दोनच पातळ हात दिले. जुनं कालवलेलं पॉलिश नीट सुकत नाही. स्पिरिट पटकन पेटतं आणि विषारी असतं, तेव्हा चूल-समई लांब, दारं-खिडक्या उघड्या.

झाकणावर पेल्याचं एक पांढरं कडं होतं. ओल किंवा गरम भांड्यानं पडणारं हे कडं सहसा वरवरचं असतं, स्पिरिटनं गेलंही असतं. मामा पुढे झाले तशी आजींनी हात धरला. "ता ऱ्हवांदे. तेंचो चायचो पेलो." ते ठेवलं.

मागची बाजू तेवढी अजून हिरवीच आहे. मध्येच पावसाळा आला, आणि आपल्या दमट हवेत लाख ओल धरून पांढरट पडते. आता दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की मामा येणार आहेत. होम-स्टेची लाकडी टेबलंही असंच पॉलिश करता येतील का, असं नातू परवा विचारत होता. मी नको म्हटलं. तिथे रोज गरम चहा सांडणार, तिथे पी.यू.च बरं.