फ्लायव्हीलचें झिजलेलें कडें

ट्रॅक्टरचें एंजिन बंद होतांना आंत दाबलेल्या हवेच्या अटकावामुळें बहुधा ठराविक जागींच थांबतें. चार सिलिंडरच्या एंजिनांत अशा जागा दोन, समोरासमोर. म्हणून फ्लायव्हीलवरील दांतेरी कडें तेथेंच झिजतें व स्टार्टर नुसता खरखरतो. फ्लायव्हील उतरवून, कड्याच्या दोन दांत्यांमधील खांचेंत भोंक पाडावें व तेथें छिन्नीनें कडें फोडावें. फ्लायव्हीलला इजा होऊं देऊं नये. नवें कडें सर्व बाजूंनीं सारखें तापवावें. घासून उजळ केलेल्या भागावर वाळल्या कडब्यासारखा फिकट पिवळा रंग, म्हणजे सुमारें २२० अंश सेंटिग्रेड उष्णता, पुरे. निळा रंग चढला कीं दांत्यांचें पाणी उतरलें. असें कडें, लोहार कांहींही म्हणो, बसवूं नये. स्टार्टरचें दंतचक्र ज्या बाजूनें शिरतें त्या बाजूस दांत्यांची उतरती कड ठेवून कडें पायरीला टेकेपर्यंत त्वरित बसवावें व आपोआप निवूं द्यावें. पाणी ओतूं नये.