मध्ययुगीन फ्रेंच नांव आणि ढाल

मध्ययुगीन फ्रान्समधील एखाद्या मनुष्यास नांव द्यावयाचें व त्याच्या हातीं चिन्हांकित ढाल द्यावयाची, असा प्रसंग ऐतिहासिक कादंबरीकारावर व नाटककारावर येतो. १९६६ सालीं अमेरिकेंत निघालेल्या 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रोनिझम' ह्या हौशी मंडळाच्या सभासदांवरहि तो येतो. हे लोक मध्ययुगीन वेष, नांव व ढाल धारण करतात, आणि मंडळाचे चिन्हाधिकारी नांवास कागदोपत्रीं आधार मागतात. मागणी रुक्ष खरी, पण रास्त आहे. कारण कानाला भारदस्त लागणारें नांव आणि डोळ्यांत भरणारी ढाल ह्यांची जोडी बहुधा खोटी निघते.

नांवाचा भरंवशाचा आधार म्हणजे करवसुलीची यादी. चौथ्या फिलिप राजाच्या कारकीर्दींतील पॅरिस शहराची १२९२ सालची अशी यादी उपलब्ध आहे. तींत सुमारें १५,००० करदाते गल्लीवार नोंदले आहेत. ती चाळतांना प्रथम लक्षांत येतें तें नांवांचें दारिद्र्य. झाँ, गीयोम, पियेर, रोबेर, निकोला हींच पुन्हां पुन्हां. स्त्रियांत झान, मारी, आन्येस. एकाच गल्लींत चार झाँ राहूं लागले म्हणजे त्यांस ओळखावयाचें कसें? एक रुआँ शहराहून आला, तो 'झाँ द रुआँ'. दुसरा तांबड्या केसांचा, तो 'झाँ ल रू'. तिसरा सुतार, तो 'झाँ ल शार्पांतिये'. चौथा कोणा पियेरचा मुलगा. तेव्हां 'द' दिसला कीं मनुष्य सरदार, ही समजूत सपशेल चुकीची. त्या 'द'ला मराठींतील 'कर' प्रत्ययाहून अधिक मान नाहीं. शेतकऱ्यांच्या नांवांतहि तो येई. हीं जोडनांवें पित्याकडून पुत्राकडे जातच असेंहि नव्हतें. तीं हळूहळू स्थिरावलीं. १५३९ सालीं पहिल्या फ्रान्स्वा राजानें व्हिलेर-कोतरे येथून काढलेल्या फर्मानानें बाप्तिस्म्यांच्या नोंदी ठेवणें आवश्यक झालें, त्यानें ह्या स्थैर्यास बळ आलें.

प्रांताचाहि विचार हवा. उत्तरेकडील लोहार तो 'लफेव्र', दक्षिणेकडील 'फाब्र', आणि ब्रिटनी प्रांतांतला 'ल गॉफ'. उत्तरेंतील गीयोम दक्षिणेंत 'गिल्येम' होतो. तूलूझच्या मनुष्यास पॅरिसचें नांव दिलें, तर जाणता वाचक तेथेंच थबकतो.

ढालीची गोष्ट निराळी. बाराव्या शतकांत लढवय्याचा चेहरा शिरस्त्राणाखालीं झांकूं लागला, तेव्हां त्यास ओळखण्यासाठीं ढालीवरील चित्र उपयोगी पडलें. आंझूचा सरदार झोफ्रुआ प्लांताझने हा ११५१ सालीं वारला. ल माँ येथें जतन केलेल्या त्याच्या मिनाकारीच्या चित्रांत निळ्या ढालीवर सोनेरी सिंह आहेत. चित्र पुढें वंशपरंपरेनें चालूं लागलें, म्हणजे तें कुलचिन्ह झालें.

रंगांचा नियम कडक, पण समजण्यास सोपा आहे. सोनें व चांदी, म्हणजे पिवळा व पांढरा, हे धातू. तांबडा, निळा, काळा, हिरवा हे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. कारण चिन्ह दुरून ओळखूं आलें पाहिजे. जेरुसलेमच्या राज्याचे रुपेरी ढालीवरील सोनेरी क्रूस हा गाजलेला अपवाद. कित्येक ढाली कुळाच्या नांवावर कोटि करतात: मायी घराण्याच्या सोनेरी ढालीवर तीन हिरवे लांकडी हातोडे आहेत, कारण असल्या हातोड्यास फ्रेंच भाषेंत 'माये' म्हणतात. येथें एक खांचखळगा आहे. 'सिनोप्ल' हा शब्द पुढें हिरव्यासाठीं रूढ झाला. जुन्या काव्यांत मात्र त्याचा अर्थ तांबडा असा होता.

ढाल केवळ उमरावांची, हीहि एक भ्रामक कल्पना. नॉर्मंडींतील शेतकऱ्यांच्या मुद्रांवर तेराव्या शतकांतच चिन्हें आढळतात, आणि चौदाव्या शतकांतील कायदेपंडित बार्तोलो ह्यानें कोणीहि स्वतःचें चिन्ह निर्माण करावें, असें मत दिलें. दुसऱ्याचें उचलण्यास मात्र मोकळीक नाहीं, आणि बाजारांत नेमकी तीच लबाडी चालते. आडनांव सांगा, ढाल घ्या, अशी विक्री होते. परंतु ढाल आडनांवाची नसून एका विशिष्ट वंशाची असते. फ्रान्समध्यें शेंकडों असंबद्ध लफेव्र कुळें असतील. त्यांतील एकाची ढाल बाकीच्यांच्या भिंतीवर टांगणें म्हणजे परक्याचा बाप आपला म्हणून मिरविणें होय.

ढाल शोधण्यासाठीं चौदाव्या लुईनें १६९६ सालीं काढलेल्या आज्ञेनुसार झालेली मोठी नोंद हातीं घेणें मोहाचें असतें. पण तो सारा खटाटोप खजिना भरण्यासाठीं होता. ज्यांनीं स्वतः चिन्ह दिलें नाहीं, त्यांच्यावर कारकुनांनीं वाटेल तीं चिन्हें लादलीं. मध्ययुगाचा पुरावा म्हणून ती नोंद कुचकामाची. त्यापेक्षां तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील 'व्हाइनबर्घेन' नांवाचा चित्रसंग्रह पाहावा. त्यांत तेराशेंहून अधिक ढाली आहेत.

तेव्हां १२९२ सालच्या पॅरिसमधील लोहाराची भूमिका असेल, तर 'गीयोम ल फेव्र' हें नांव आणि निळ्या ढालीवर एक सोनेरी हातोडा पुरे. त्याच नाटकांत राजाची ढाल रंगवावयाची असेल, तर निळ्यावर सोनेरी लिलीचीं फुलें सर्वत्र विखुरलेलीं हवींत. तीं तीनच ठेवण्याची रीत चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, पांचव्या शार्लच्या कारकीर्दींत पडली.