प्यूमाची पायपीट

११ जून २०११ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील कनेक्टिकट राज्यात, मिलफर्ड गावाजवळच्या हमरस्त्यावर एक भले मोठे मांजर मोटारीखाली सापडून मेले. मांजर म्हणावयाचे ते कुळावरून. वजन सुमारे ६४ किलो, म्हणजे एखाद्या धट्ट्याकट्ट्या पुरुषाएवढे. हा प्राणी प्यूमा. तिकडे कोणी त्याला डोंगरी सिंह म्हणतात, कोणी कूगर म्हणतात, फ्लॉरिडात त्यालाच पँथर म्हणतात. नावात सिंह असला तरी त्याला डरकाळी फोडता येत नाही. तो घरच्या मांजरासारखा घुरघुरतो.

गंमत अशी की, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सरकारी वन्यजीव खात्याने पूर्वेकडील प्यूमा नामशेष झाल्याचे जाहीर केले होते. मग हा आला कोठून? कोणाच्या पिंजऱ्यातून सुटला असावा, असा पहिला तर्क. पण त्याची नखे काढलेली नव्हती, आणि कातडीखाली साळिंदराचे काटे रुतलेले आढळले; म्हणजे रानात वाढलेले जनावर. पुढे डीएनएची तपासणी झाली तेव्हा त्याचे गोत्र दूर पश्चिमेस, साउथ डकोटातील ब्लॅक हिल्स डोंगरांत निघाले. याच प्राण्याच्या खुणा २००९ व २०१० साली मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन राज्यांत सापडल्या होत्या. दीड हजार मैलांहून, म्हणजे २४०० किलोमीटरांहून अधिक मजल त्याने पायी मारली होती.

एवढे चालावयाचे कारण काय? नर प्यूमाचा मुलूख शेकडो चौरस किलोमीटरांचा असतो आणि त्यात तो दुसऱ्या नराला टिकू देत नाही. पिले दीडेक वर्षाची झाली की आईपासून सुटतात. माद्या बहुधा जवळपासच राहतात. तरुण नराला मात्र घर सोडावेच लागते. मोकळे रान, हरणे आणि मादी हे तिन्ही एके ठिकाणी मिळेपर्यंत तो चालत राहतो. ब्लॅक हिल्सचा हा नर नेमका पूर्वेकडे वळला. तिकडे हरणे भरपूर, रानही पुष्कळ. मादी मात्र नाही. जितका पुढे जावा, तितका तो मादीपासून लांबच पडत होता. त्याच्या विक्रमाचे कौतुक वृत्तपत्रांनी केले. आम्हांला त्यात त्या जनावराची फजितीच अधिक दिसते.

आता श्रोत्यांच्या मनातला प्रश्न: असा प्राणी वस्तीवरून जातो, तो माणसाला खातो काय? पॉल बायर या संशोधकाने १८९० ते १९९० या शंभर वर्षांची नोंद तपासली. अमेरिका व कॅनडा मिळून ५३ हल्ले भरले. त्यांत १० माणसे दगावली. १९७० नंतर हल्ले वाढले हे खरे. माणूसही आता डोंगरपायथ्याशी घरे बांधतो आणि पहाटे एकटाच रानवाटेने धावतो. तरीही कॅलिफोर्नियात २००४ नंतर वीस वर्षे कोणी मेले नाही. मार्च २०२४ मध्ये मात्र दोघा भावांवर हल्ला झाला व त्यांतील २१ वर्षांचा तरुण गेला. त्या घराला आकडेवारीचे समाधान कसे पुरावे? म्हणून ‘भय नाहीच’ असे आम्ही म्हणणार नाही.

पण भय कोठे आहे ते पाहावे. बायर यांच्या नोंदीत बळींपैकी बहुसंख्य मुले होती, आणि हल्ला करणारे प्यूमा बहुतेक वर्षा-दीड वर्षाचे किंवा खंगलेले होते. म्हणजे घर सुटलेली आणि शिकारीत अजून हात न बसलेली पोरे. म्हणून तिकडे शिकवतात की, प्यूमा दिसला तर पळू नये, पळत्याच्या मागे लागणे हा मांजराचा स्वभावच आहे. मुलाला उचलून घ्यावे, हात वर करून ओरडावे, आणि अंगावर आलाच तर झुंजावे. जुन्नरकडे उसात विणाऱ्या बिबट्यावरून मात्र प्यूमाचे माप घेऊ नये. दोघांची रीत निराळी. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझच्या डोंगरात संशोधकांनी प्यूमाच्या शिकारीजवळ माणसांच्या बोलण्याच्या ध्वनिफिती वाजवल्या, तेव्हा बहुतेक वेळा तो ताजी हरणी टाकून पळाला. बेडकांचे ओरडणे ऐकवले तर खात राहिला!

लॉस एंजेलिस शहरातला पी-२२ नावाचा नर तर याचे चालतेबोलते उदाहरण होय. दोन मोठे हमरस्ते ओलांडून तो ग्रिफिथ पार्कात आला आणि २०१२ साली कॅमेऱ्यात सापडला. उद्यान अवघे १७ चौरस किलोमीटरांचे, भोवती वाहनांचा पूर. तेथे तो दहा वर्षे एकटा राहिला. प्राणिसंग्रहालयातील एक कोआला त्याने मारल्याचा संशय होता, शेवटी शेवटी साखळीला बांधलेले एक कुत्रे त्याने धरले. माणसाला मात्र कधी इजा केली नाही. त्याच्या अंगात उंदराचे विष भिनले, खरूज झाली. २०२२ च्या एप्रिलमध्ये, त्याने ओलांडलेल्या रस्त्यांपैकी एकावर, शहराच्या पश्चिमेस अगोरा हिल्स येथे दहा पदरांवरून जनावरांसाठी झाडीचा पूल बांधावयास प्रारंभ झाला. त्याच डिसेंबरात पी-२२ पकडला गेला. मोटारीची धडक बसल्यासारख्या जखमा होत्या, जुनी दुखणीही होती; १७ तारखेला त्याला वेदनारहित मरण देण्यात आले.